कापलेले साडेसात हजार

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. वरठीतला एक तरुण मोबाइल हातात धरूनच माझ्या टेबलासमोर येऊन बसला. डिप्लोमा इंजिनिअर. दहा वर्षं एका कारखान्याच्या डिझाइन विभागात नोकरी केली, मार्चअखेर राजीनामा दिला आणि एप्रिलपासून घरूनच स्वतःचं काम सुरू केलं. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांना टाक्या, पाइपलाइन, शेडचे सांगाडे यांची डिझाइनं करून द्यायची. पहिल्या महिन्याचं बिल ७५,००० रुपयांचं पाठवलं होतं. बँकेचा मेसेज आला तो ६७,५०० रुपयांचा.

“काम पुरा केला जी, मंग साडेसात हजार कायले कापले?”

प्रश्नात राग होता आणि तो समजण्यासारखा होता. नोकरीत महिना ४८,००० पगार होता तेव्हा कर म्हणून त्यातून फक्त व्यवसाय कराचे दोनशे रुपये जायचे. आयकराचा एक रुपयाही नाही. मग स्वतःचं काम सुरू करताच पहिल्याच बिलातून दहा टक्के कसे गेले?

वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, त्यामुळे फिटर, वेल्डर, ड्राफ्ट्समन हे शब्द इथल्या घरांना नवे नाहीत. नोकरी सोडून स्वतःच्या नावानं बिल फाडायला लागलेली माणसंही आता आळीआळीत सापडतात. त्यांतल्या बहुतेकांना पहिल्या वर्षी हाच प्रश्न पडतो. त्याचं उत्तर त्या दिवशी मी टप्प्याटप्प्यानं दिलं, तसंच इथे लिहितो. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत आणि नव्या करपद्धतीचे आहेत.

पगार देणारा काय काय करत होता

नोकरीत कंपनीचा लेखा विभाग आपल्या वतीनं एक मोठं काम गुपचूप करत असतो. वर्षाच्या सुरुवातीलाच तो हिशेब मांडतो: या माणसाचं वर्षाचं उत्पन्न अमुक, त्यावर कर तमुक, त्याचे बारा भाग करून दर महिन्याला कापायचे. कर शून्य येत असेल तर काहीच कापायचं नाही. पगार आपल्या हातात येतो तेव्हा हिशेब होऊन गेलेला असतो. म्हणून पगारदाराला हातात आलेला पैसा सगळा आपलाच वाटतो, आणि तो असतोही.

आपण बिल पाठवतो तेव्हा समोरच्या कंपनीला आपल्याबद्दल काहीच ठाऊक नसतं. आपले आणखी किती ग्राहक आहेत, खर्च किती, घरभाडं येतं का, तिला माहीत नाही. म्हणून कायद्यानं तिला एकच साधं काम सांगितलं आहे: ठरलेला टक्का काप, या माणसाच्या पॅनवर सरकारकडे जमा कर आणि बाकीचं त्याला दे. खरा कर किती, हे पुढे तो माणूस स्वतः मांडेल. यालाच मुळातून करकपात म्हणजे टीडीएस म्हणतात.

म्हणजे लेखा विभागाचं ते काम आता आपल्याकडे आलं आहे. राजीनामा देताना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

भंडारा रोड म्हणजे भंडारा नव्हे

वरठीच्या रेल्वे स्थानकावर पाटी आहे भंडारा रोडची. नवखा माणूस ती वाचून उतरतो आणि बाहेर आल्यावर त्याला कळतं की हे गाव वरठी, भंडारा शहर अजून पुढे आहे. टीडीएस तसाच आहे. तो कर आहे असं वाटतं, पण तो करापर्यंत नेणारा एक टप्पा आहे. खरा कर त्याहून पुढे असू शकतो, मग उरलेला रस्ता स्वतः कापावा लागतो. किंवा आपलं ठिकाण अलीकडेच असतं आणि गाडीनं आपल्याला उगाच पुढे आणलेलं असतं, मग जास्तीचे पैसे परत मागायचे असतात.

टक्का किती, हे कामाच्या प्रकारावर ठरतं. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांच्यासारख्या व्यावसायिक सेवेला दहा टक्के. निव्वळ तांत्रिक सेवा असेल तर दोन. शेड उभारणं, वेल्डिंग, रंगकाम, मजूर पुरवणं अशा कंत्राटी कामाला एकट्या माणसाच्या बिलावर फक्त एक टक्का. व्यावसायिक फी एका ग्राहकाकडून वर्षाला ५०,००० च्या वर गेली की कपात लागते. कंत्राटी कामात एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली की लागते. पॅन दिला नाही तर थेट वीस टक्के कापले जातात.

म्हणून आमच्या या तरुणाचे साडेसात हजार गेले, आणि त्याच्याच शेजारी शेड बांधून देणाऱ्या ठेकेदाराचे तेवढ्याच बिलावर साडेसातशे. दोघांवर वेगळा कर बसला असं नव्हे, दोघांची आगाऊ रक्कम वेगळी आहे.

हे पैसे गेले कुठे, हे घरबसल्या बघता येतं. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पॅननं प्रवेश केला की २६एएस नावाचं पत्रक मिळतं. कोणी, कधी, किती कापून आपल्या नावावर भरले, याची ती पासबुकासारखी नोंद. कंपन्या कपातीचं विवरण तीन-तीन महिन्यांचं देतात, त्यामुळे मेमध्ये कापलेले पैसे तिथे लगेच दिसत नाहीत. त्या तरुणाला मी ऑगस्टमध्ये परत बोलावलं आणि पत्रक उघडून दाखवलं. एका ओळीत त्याचे साडेसात हजार होते. तो ती ओळ बराच वेळ बघत राहिला.

ही ओळ तपासायची सवय मी सगळ्यांना लावतो, कारण माझ्या पहिल्याच वर्षी एका ग्राहकानं माझ्या पॅनमधलं एक अक्षर चुकवलं होतं. पैसे कापले गेले, सरकारकडे भरलेही गेले, पण माझ्या नावावर आले नाहीत. ग्राहकानं विवरण दुरुस्त करेपर्यंत सात महिने गेले. पॅनची दहा अक्षरं बिलावर नेहमी छापलेली असावीत: आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. एकट्या माणसाच्या पॅनमध्ये चौथं अक्षर पी असतं आणि पाचवं त्याच्या आडनावाचं पहिलं.

धान किती, तांदूळ किती

आता खरा कर किती, हा प्रश्न. इथे पगारदाराची एक सवय मोडावी लागते. बिलाची रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे.

भंडारा हा धानाचा जिल्हा, म्हणून हे समजायला आपल्याला सोपं आहे. गिरणीत एक क्विंटल धान टाकला की एक क्विंटल तांदूळ निघत नाही. कोंडा जातो, भुसा जातो, तुकडा पडतो. जे निघतं त्याला आपण उतारा म्हणतो. बिलांची बेरीज हा धान. लॅपटॉप, सॉफ्टवेअरचं भाडं, वीज, इंटरनेट, नागपूरच्या फेऱ्या, मदतनीस पोराचा पगार हा कोंडा-भुसा. कर लागतो तो तांदळावर.

उतारा मोजायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे खरोखर मोजायचा: प्रत्येक खर्चाचं बिल जपायचं, वह्या लिहायच्या, जमेतून खर्च वजा करायचा. खर्च फार असणाऱ्याला हेच बरं. पण एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले तर तो खर्च साधारणपणे धरला जात नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

दुसरी रीत सरकारी भरडाईसारखी आहे. शासनाचा धान भरडून देणाऱ्या गिरणीवाल्याला माहीत असतं की साध्या तांदळासाठी क्विंटलमागे ६७ किलो जमा करायचे. गिरणीत प्रत्यक्ष किती निघाला, हे कोणी विचारत नाही, उतारा आधीच ठरलेला. आयकर कायद्यानंही लहान व्यावसायिकांसाठी असा उतारा ठरवून दिला आहे. याला अनुमानित उत्पन्न म्हणतात.

इंजिनिअर, डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावट करणारे, माहिती तंत्रज्ञानातले अशा नेमून दिलेल्या व्यवसायांना हा उतारा ५० टक्के आहे. बिलांची बेरीज ५० लाखांपर्यंत असली तर ही सवलत मिळते, आणि रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. व्यावसायिकांसाठी ही सोय २०१६-१७ पासून आली. लोक तिला अजून ४४एडीए या कलमानंच ओळखतात. शेडच्या ठेकेदारासारख्या धंद्याला ४४एडी, तिथे उतारा फार कमी धरला आहे: बँकेतून आलेल्या जमेवर सहा टक्के, रोखीच्या जमेवर आठ. कारण त्याच्या बिलातलं बरंचसं लोखंडात आणि मजुरीत जातं.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे आणि ही कलमं आता एकाच ५८ व्या कलमात आली आहेत. नंबर बदलले, तत्त्व तेच राहिलं.

दोन गोष्टी मात्र मी प्रत्येकाला बजावतो. एक, हा उतारा किमान आहे. खरी कमाई त्याहून जास्त असेल तर जास्त दाखवावी. सहा टक्के नफा दाखवणाऱ्या ठेकेदाराच्या खात्यातून वर्षात नवी गाडी आणि घराचा हप्ता निघत असेल तर त्याला ते समजावून सांगणं जड जाईल. आणि बँकेत कर्जाला गेल्यावर तोच कमी दाखवलेला आकडा त्याच्या आड येतो. दुसरी गोष्ट, ठरलेला उतारा घेतला की वर पुन्हा लॅपटॉपचा खर्च वेगळा मागता येत नाही. भुसा त्यात धरलेलाच आहे.

बांध्यांतून उतरणारं पाणी

त्या तरुणाची वर्षभरात बारा बिलं गेली. बेरीज ९,००,०००. उतारा ५० टक्के, म्हणजे उत्पन्न ४,५०,०००. कर किती?

कराचे टप्पे समजून घ्यायला आपल्या धानाच्या बांध्या डोळ्यांसमोर आणाव्यात. वरची बांधी भरली की पाणी पाळूवरून खालच्या बांधीत उतरतं. पहिली बांधी चार लाखांची, तिच्यातल्या पाण्याला कर नाही. दुसरी चार ते आठ लाखांची, तिला पाच टक्के. आठ ते बारा लाखांना दहा, बारा ते सोळा लाखांना पंधरा, सोळा ते वीस लाखांना वीस, वीस ते चोवीस लाखांना पंचवीस आणि त्यावर तीस. खालच्या बांधीत पाणी उतरलं म्हणून वरच्या बांधीचा दर बदलत नाही. “वरच्या टप्प्यात गेलो तर सगळ्यावरच जास्त कर बसेल” अशा भीतीनं मार्चमधलं बिल एप्रिलवर ढकलणारी माणसं मी पाहिली आहेत. ती भीती निराधार आहे.

या तरुणाच्या दुसऱ्या बांधीत फक्त ५०,००० उतरले, त्यावर कर २,५००. पण एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतचा कर माफ होतो. म्हणून त्याचा आयकर शून्य. आणि त्याच्या नावावर जमा किती? बारा वेळा साडेसात हजार, म्हणजे ९०,०००. विवरणपत्र भरलं की ही सगळी रक्कम परत. भरलं नाही तर ती कोणी आपणहून आणून देत नाही. “माझं उत्पन्न करपात्रच नाही, मग विवरणपत्र कशाला?” असं म्हणून हजारो रुपये सोडून देणारी माणसं भेटली की मला मनापासून वाईट वाटतं. कष्टाचे पैसे असतात ते.

बारा लाखांच्या रेघेबद्दलही एक भ्रम आहे. उत्पन्न १२,१०,००० झालं तर टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० येतो, पण तेवढा भरावा लागत नाही. रेघेच्या वर गेले दहा हजार, म्हणून कर दहा हजारच, त्यावर चार टक्के उपकर. दहा हजार जास्त कमावल्याचा साठ हजारांचा फटका बसत नाही.

वर्षाच्या मध्यात नोकरी सोडली असेल तर त्या वर्षाचा पगार आणि नव्या कामाचं उत्पन्न यांची बेरीज होते. पगारावर मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट फक्त पगाराच्या भागालाच. आणि जुनी करपद्धत निवडण्याआधी नीट आकडेमोड करावी. पगारदाराला दरवर्षी इकडून तिकडे जाता येतं, व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला जुन्या पद्धतीत गेल्यावर परतीचं तिकीट एकदाच मिळतं.

[ चौकट ]
पहिलं बिल पाठवण्याआधी
• कामासाठी बँकेत वेगळं खातं उघडा. घरखर्च त्यातून थेट करू नका, महिन्याला ठरावीक रक्कम घरच्या खात्यात वळती करा.
• बिलाला क्रमांक, तारीख, पॅन आणि कामाचं स्पष्ट वर्णन असू द्या. कपात किती टक्के होणार, हे ग्राहकाला आधी विचारा.
• कपात न करणाऱ्या ग्राहकाकडून पैसे आले की त्यातला काही भाग त्याच दिवशी बाजूला ठेवा.
• दर तीन महिन्यांनी कपातीचं पत्रक बघून आपल्या बिलांशी पडताळा.
[ चौकट समाप्त ]

पंधरा मार्च

आता उलटी बाजू. ओळखीतली एक मुलगी वरठीतच घरी बसून परदेशातल्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिते. वर्षाची जमा ३०,००,०००. परदेशी ग्राहक आपल्याकडचा टीडीएस कापत नाही, त्यामुळे पै न् पै तिच्या खात्यात येते. पहिल्या वर्षी तिला वाटलं, माझ्यावर करच नाही.

उतारा ५० टक्के, उत्पन्न १५ लाख. बांध्यांचा हिशेब: दुसरीत २०,०००, तिसरीत ४०,०००, चौथीत तीन लाखांवर ४५,०००. बेरीज १,०५,०००. बारा लाखांची रेघ बरीच ओलांडली म्हणून माफी नाही. चार टक्के उपकर धरून १,०९,२००. हातात आलेल्या तीस लाखांत एवढा पैसा पहिल्या दिवसापासून तिचा नव्हताच.

हा कर विवरणपत्र भरताना एकदम भरू, असं चालत नाही. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा त्याहून जास्त कर निघत असेल तर वर्ष संपण्याआधीच भरावा लागतो, त्याला आगाऊ कर म्हणतात. खऱ्या खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्याला चार हप्ते: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. ठरलेला उतारा घेणाऱ्याला फक्त एकच तारीख, १५ मार्च. चुकली तर महिन्याला एक टक्का व्याज. त्या मुलीनं जुलैत सगळा कर भरला असता तर मार्चच्या चुकीचं एक महिन्याचं आणि एप्रिल ते जुलैचं चार महिन्यांचं मिळून ५,४६० रुपये व्याज गेलं असतं. ती फेब्रुवारीत आली म्हणून ते वाचलं.

वीस लाखांची रेघ

तिला आणखी एक गोष्ट लागू होती: जीएसटी. १ जुलै २०१७ पासून आलेल्या या करात महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते, निव्वळ माल विकणाऱ्याची ४० लाखांच्या वर. इथे उतारा-बितारा काही नाही, मोजायचा तो सगळा धान. परदेशी सेवेवर प्रत्यक्ष कर शून्य असला तरी ती उलाढालीत धरली जाते.

नोंदणी झाली की बहुतेक सेवांच्या बिलावर १८ टक्के वेगळे लावायचे आणि सरकारकडे भरायचे. पैसा आपल्या खात्यातून जातो, पण तो ग्राहकानं सरकारसाठी आपल्याकडे दिलेला असतो. तो धंद्यात फिरवायला घेतला की पुढच्या महिन्यात माणूस अडकतो. ग्राहक नोंदणीकृत कंपनी असेल तर तिला हा कर बहुधा वळता करून मिळतो, त्यामुळे “जीएसटी लावला तर काम जाईल” ही भीती अशा ठिकाणी बाळगू नये. नोंदणी नसताना मात्र बिलावर जीएसटी लावायचा नाही.

अडीच हजार रुपये

शेवटी तो तरुण म्हणाला, “आता दोनशे रुपये तर वाचले जी.” पगाराच्या चिठ्ठीतले व्यवसाय कराचे दोनशे. ते वाचलेले नाहीत. नोकरीत अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार कंपनी भरायची. स्वतःचं काम करणाऱ्यानं महाराष्ट्र जीएसटी विभागाच्या संकेतस्थळावर आपली नावनोंदणी करून तेच अडीच हजार वर्षातून एकदा स्वतः भरायचे, आधीपासून नोंद असलेल्यांनी ३० जूनपर्यंत. आयकर शून्य असला तरीही.

हा कर कुठून आला, हेही मी त्याला सांगितलं, कारण पगाराच्या चिठ्ठीवर ‘पीटी’ ही दोन अक्षरं बघत बघत माणसं निवृत्त होतात आणि त्यामागची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसं खडी फोडायला आणि रस्त्याच्या कामावर गेली. मागेल त्याला काम, ही विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना त्या काळात राज्यभर रुजली. पण मजुरीला कायमचा पैसा हवा होता. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्यांवर हा कर बसवला गेला. कमावत्या शहरानं रोजगार हमीच्या मजुरीसाठी पैसा द्यायचा आणि राज्यानं तेवढीच रक्कम आपल्याकडून घालायची, अशी रचना होती. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, केंद्राच्या कायद्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी. वर्षाला अडीच हजारांची मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदातली आहे, १९८८ पर्यंत ती अडीचशे होती.

त्यानं तिथेच माझ्या संगणकावर नोंदणीचा अर्ज भरला. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं, म्हणून थांबला. दहा वर्षं प्रत्येक अर्जात ‘नोकरी’ लिहायची सवय. मग त्यानं सावकाश टाइप केलं: डिझाइन सल्लागार, वरठी.